दोन पायांची सरासरी

हत्तीपाय हा दुर्लक्षित आजार आहे, असं सरकारने एका परिपत्रकाद्वारे सर्वांच्या लक्षात आणून दिलं. ते परिपत्रक पाय-दवाखान्यात आलं तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी त्यावर 'पाहिले' असा शेरा मारला आणि ते फायलीला लावलं. आजार होता तिथेच राहिला, म्हणजे पायात.

पाय-दवाखान्यात डॉक्टर एकच होते. तरी त्यांना मोठे डॉक्टर म्हणत, कारण लहान डॉक्टरांची जागा नऊ वर्षं रिकामी होती आणि अशी एक जागा आहे एवढं तरी लोकांच्या ध्यानात राहावं, असं मोठ्या डॉक्टरांना वाटे. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. या आठ महिन्यांत आपल्या हातून काहीही घडू नये, एवढी एकच महत्त्वाकांक्षा त्यांनी आता बाळगली होती, आणि तीही जपून.

एका ओळीत तीन खोल्या, पुढे व्हरांडा, व्हरांड्याच्या टोकाला सहा नळ आणि सहा बुटकी स्टुलं. पहिल्या खोलीत डॉक्टर, दुसरीत मलमपट्टी आणि तिसरीत मापबाई.

मापबाईंचं कागदोपत्री पद 'पादत्राण तंत्रज्ञ' असं होतं. ते उच्चारून होईपर्यंत पेशंट बूट घालून घरी पोचेल, म्हणून सगळे मापबाईच म्हणत. वय बावन्न. आधी त्या एका कारखान्यात बॅगा शिवत. सतरा वर्षांपूर्वी इथे लागल्या आणि त्यानंतर त्यांनी एकसारखे दोन बूट म्हणून केले नाहीत. ही तक्रार नव्हे, कामाचं स्वरूपच तसं. त्यांच्याकडे येणाऱ्या माणसाचा एक पाय चारचौघांसारखा असे आणि दुसरा उशीसारखा. शिवाय उशाही एकमेकींसारख्या नसत. कुणाची घोट्यापाशी फुगलेली, कुणाची पंज्यावर, कुणाच्या तिला वळ्या पडलेल्या. बूट ही जोडीने विकायची वस्तू आहे, असा जगाचा समज आहे. तिसऱ्या खोलीत त्या समजाला दारातच उभं राहावं लागे.

काम ठरलेलं होतं. पेशंटने नळावर साबणाने पाय धुवायचा, बोटांच्या एकेका बेचक्यातून फडकं फिरवून कोरडा करायचा आणि मग खाकी कागदावर ठेवायचा. मापबाई टाचेपासून पेन्सिल फिरवत, पाच ठिकाणी फितीने घेर घेत आणि तो आकडा त्या-त्या जागी लिहीत. डाव्याचा कागद वेगळा, उजव्याचा वेगळा. दोनशे बारा पेशंट, चारशे चोवीस कागद. मग मऊ रबराचा तळ, अस्तराचं चामडं आणि पाय सकाळी लहान, संध्याकाळी मोठा होतो म्हणून सैल-घट्ट करता येतील असे पट्टे. कुठे टोचता कामा नये, कुठे घासता कामा नये. कारण साधा फोड आला तरी त्यातून जंतू आत जातात, हुडहुडी भरून ताप येतो, पाय लालभडक होतो. आठवड्याने ताप जातो, पण पाय दोन बोटं आणखी जाड झालेला असतो आणि तो परत बारीक होत नाही.

आता एक गोष्ट मान्य केली पाहिजे आणि मापबाईही ती मान्य करत. सरकार आणि औषध कंपनी यांच्या भागीदारीतून गोळ्यांची जी मोहीम निघाली, ती खरोखर झाली होती. कंपनीने गोळ्या फुकट दिल्या, सरकारी माणसं दारोदार फिरली आणि नवे पाय सुजायचे जवळजवळ थांबले. मापबाईंचं भांडण गोळ्यांशी नव्हतं. पण मोहीम यशस्वी झाल्यावर वरच्या मजल्यांवर सगळ्यांची अशी समजूत झाली, की आता जुने पायही शरमून आपापले उतरतील. पाय तसे नसतात. गोळीने रक्तातला जंत मरतो. दगड झालेला पाय मात्र रोज सकाळी माणसाबरोबर उठतो आणि त्याला बूट लागतो.

म्हणून मग दुसरी भागीदारी निघाली, बुटांच्या कंपनीशी.

या भागीदारीचे समन्वयक पहिल्यांदा दवाखान्यात आले, तेव्हा त्यांनी व्हरांड्यातल्या सगळ्या पेशंटांशी हात मिळवले. पस्तिशीचे, इस्त्रीचे, आणि प्रत्येक वाक्यात एकदा तरी 'भागीदार' म्हणणारे. दुपारपर्यंत त्यांचं नावच भागीदार पडलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर पुढचं सगळं बरंच सोपं गेलं असतं.

"बाई, प्रत्येक पेशंटच्या पायाची साइझ हवी होती."

"कुठल्या पायाची?"

"म्हणजे... त्यांच्या पायाची."

"माणसाला दोन असतात."

भागीदार मनापासून हसला. मापबाई हसल्या नाहीत. त्यांनी तीन आठवडे खपून सगळ्या चारशे चोवीस कागदांच्या नकला काढल्या, डावे-उजवे टाचणीने जोडले आणि गठ्ठे बांधून दिले. "प्रत्येक पेशंटला त्याच्या स्वतःच्या मापाचा बूट मिळणार, बाई. कारखान्यात बनलेला. तुमचे कष्ट वाचतील," भागीदार म्हणाला.

सतरा वर्षांत आपले कष्ट वाचावेत असं कुणी म्हटल्याचं मापबाईंना आठवेना. त्यांनी त्याला चहा दिला.

दोन महिन्यांनी नमुन्याचा पहिला खोका आला. तो वन्संच्या नावाचा निघाला.

वन्सं म्हणजे मापबाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण. तिघं एकाच घरात राहत. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर पाळीला असे. या गोष्टीत त्याचं काही काम नाही, घरातही फारसं नसायचं. वन्संनी चोवीस वर्षं सिनेमाच्या तिकीट खिडकीत काढली होती. खिडकीमागे बसलेल्या बाईचा फक्त चेहरा आणि हात दिसतो. ती नोकरी त्यांनी त्यासाठीच धरली आणि त्यासाठीच सोडली नाही. उजवा पाय त्यांनी जगापासून असा लपवला होता, की काही जुन्या गिऱ्हाइकांना त्या उभ्या राहू शकतात हेही ठाऊक नव्हतं.

वन्संनी खोका उघडला. बूट सुंदर होता. काळं चामडं, टाके एका रांगेत, आत सुवासिक कागद.

"अगं, हा कुणाचा?"

"तुमचाच. नाव आहे वर."

वन्संनी डावा पाय घातला, उचलला. पाय वर आला, बूट खालीच राहिला. मग उजवा. बोटं आत गेली आणि तिथेच थांबली.

"कसा वाटतो?" मापबाईंनी विचारलं.

"डाव्याला हा बूट भाड्याने दिल्यासारखा आहे."

"आणि उजव्याला?"

"उजव्याला नुसतं आमंत्रण आलंय. आत कुणी घेत नाही."

मापबाईंनी खोक्यावरची चिठ्ठी वाचली. 'वैयक्तिक मापानुसार. साइझ साडेनऊ.' वन्संचा डावा सहा नंबरचा. उजव्याला नंबर लावायचाच झाला तर तेरा. साडेनऊचा पाय या घरातच काय, वन्संच्या अख्ख्या अंगावर कुठे नव्हता. त्यांनी भागीदाराला फोन लावला.

"साडेनऊ कुठून आणलंत?"

"एक मिनिट हं, बघतो." पलीकडे टकटक झाली. "हां. डावा सहा, उजवा तेरा. मिळून एकोणीस, भागिले दोन, साडेनऊ. गणित बरोबर आहे, बाई."

"बूट गणिताला घालायचाय का?"

"त्याचं असं आहे, आमच्या सिस्टिममध्ये साइझचा रकाना एकच आहे. मग टीमने विचार केला, एका पायाची साइझ घेतली तर दुसऱ्यावर अन्याय होतो. म्हणून सरासरी. दोन्ही पायांना समान न्याय."

"तुम्हाला मुलगा आहे ना?"

"आहे. सहा वर्षांचा."

"तुमची उंची आणि त्याची उंची मिळवते, भागिले दोन करते आणि तेवढी पँट शिवून पाठवते. कुणी घालायची ते बापलेक बसून ठरवा."

भागीदार हळूच म्हणाला, "बाई, दोनशे बारा जोड तयार झालेत. गाडीत भरलेत. मंगळवारी कार्यक्रम आहे."

सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी मापबाईंना पहिल्या खोलीत बोलावलं. खुर्ची दिली. डॉक्टर आपण होऊन खुर्ची देतात तेव्हा काहीतरी काढून घ्यायचं असतं, हे दवाखान्यात सगळ्यांना माहीत होतं. टेबलावर दोन कागद होते.

पहिला कागद प्रमाणपत्राचा, प्रत्येक पेशंटसाठी एक. त्यावर छापलेलं, 'सदर बूट मी रुग्णाच्या दोन्ही पायांत समक्ष घालून पाहिले असून माप जुळते.' खाली सहीची जागा, पादत्राण तंत्रज्ञ.

दुसरा कागद आदेश होता. बूट परस्पर उपलब्ध झाल्याने कार्यशाळेची गरज उरत नाही. कार्यक्रमाच्या दिवसापासून तिसरी खोली विनावापर धरून भागीदार कंपनीच्या साठवणुकीसाठी द्यावी. तंत्रज्ञांची सेवा मध्यवर्ती भांडारात वर्ग करावी.

"भांडारात मी काय करायचं?"

"मलमपट्ट्यांची बंडलं मोजायची. बसून काम आहे," डॉक्टर म्हणाले. "पंखा आहे."

"आणि पुढच्या वर्षी कुणाचा पाय वाढला, बूट होईना, तर?"

"पुढच्या वर्षी मी नसेन, बाई."

"मी पायाचं विचारतेय."

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. खिडकीपुढे कपाट होतं, पण ते तरीही बघत राहिले.

"हे बघा. उद्या दहा मिनिटं घालतील, फोटो होईल, काढून ठेवतील. कोण विचारतंय नंतर? सही म्हणजे काय हो, सही म्हणजे फक्त सही."

"वन्संना मागे एका चपलेने फोड आला होता. अकरा दिवस ताप. तुम्हीच सुया दिल्यात. तुम्हीच मला सांगितलंत, प्रत्येक तापागणिक पाय वाढतो आणि माघारी येत नाही. ते तुम्ही विसरलात की आदेशात विसरायला सांगितलंय?"

डॉक्टरांचा चेहरा असा झाला, की मापबाईंनाच कसंतरी झालं. डॉक्टर एकेकाळी स्वतः नळावर बसून पेशंटांना पाय कसा पुसायचा ते दाखवत. ती खोली, ती स्टुलं, सगळं त्यांनीच भांडून मिळवलेलं. माणूस घाबरला म्हणजे खोटा होतो असं नाही, पण बसतो मात्र खोट्याच्या शेजारी.

"करते सही," मापबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी एवढा मोठा श्वास सोडला, की कागद उडायला आला.

"फक्त कागदावर लिहिलंय तसं करून मग करते. समक्ष. दोन्ही पायांत. घालून."

"हो, हो, तसंच करा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी शेवटचे चार शब्द ऐकलेच नव्हते.

मंगळवारी हॉल भरला. स्टेजमागे मोठा बॅनर होता आणि त्यावर दोन गोरे, सडपातळ, तंतोतंत सारखे पाय. ते कुणाचे होते कोण जाणे. हॉलमधल्या कुणाचे नव्हते एवढं नक्की. एका बाजूला दोनशे बारा खोक्यांचा मनोरा रचलेला. मधोमध खात्याचे साहेब, हे प्रमुख पाहुणे. त्यांच्या एका बाजूला मोठे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला रिकामी खुर्ची, कारण कंपनीच्या संचालकांनी ऐनवेळी शुभेच्छा पाठवल्या होत्या.

भागीदाराने माइकवर पहिलं नाव पुकारलं. म्हातारा पोस्टमन काठी टेकत स्टेजवर आला. साहेबांनी उठून खोका हातात घेतला, कॅमेरा रोखला गेला आणि त्याच वेळी विंगेतून मापबाई आल्या. एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातात बुटकं स्टूल, खांद्यावर सहा टॉवेल आणि काखेत खाकी कागदांचा गठ्ठा.

"बसा," त्या पोस्टमनला म्हणाल्या. पोस्टमन बसला.

"बाई, हे काय?" भागीदार दबक्या आवाजात म्हणाला.

"वाटप. प्रमाणपत्रावर लिहिलंय, समक्ष घालून पाहिले. घालते, पाहते, मग सही."

"पण धुताय कशाला?"

"मग तसाच घालू? कंपनीचा नवा बूट खराब नाही का होणार?"

साहेब खोका धरून उभेच होते. मापबाईंनी साबण लावला, बोटांमधून फिरवला, वळ्यांमधून फिरवला, पाणी ओतलं. सगळं नळावर करतात तसंच, ना हळू ना भरभर. पोस्टमनला गंमत वाटू लागली.

"साहेब, मी एकतीस वर्षं लोकांच्या दारात पाय झिजवले," तो वर बघून म्हणाला. "हा एक तेवढा झिजला नाही."

हॉलमध्ये मागून कुणीतरी खो खो हसलं. मग बरेच जण हसले. साहेबांनी खोका खाली ठेवला आणि ते बसले.

मापबाईंनी टॉवेल फिरवला. एकेक बेचकं. मग खोका उघडून बूट पोस्टमनच्या पायापाशी नेला. डाव्यातून पाय सहज निसटला. उजव्यात पंजाच शिरेना. जोर केला असता तर कदाचित शिरला असता. मापबाईंनी जोर केला नाही. त्यांनी प्रमाणपत्र गुडघ्यावर घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "डावा निघतो. उजवा जात नाही. माप जुळत नाही." खाली सही केली, तारीख घातली. "पुढचे कोण?"

पुढच्या वन्सं होत्या.

वन्सं स्टेजवर आल्या, स्टुलावर बसल्या आणि पायावरचं कापड गुडघ्यापर्यंत वर घेतलं. चोवीस वर्षं भिंतीआड ठेवलेला तो पाय तीनशे माणसांसमोर, दिव्यांच्या उजेडात होता. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

"का हो? मावत नाही का त्यात?" वन्सं म्हणाल्या. मग हॉलकडे वळल्या. "बघून घ्या सगळ्यांनी. तिकीट नाही."

मापबाईंचा हात साबणावर थांबला. या बाईने घरात सख्ख्या भावासमोरही कधी पाय उघडा ठेवला नव्हता. "वन्सं, पुरे म्हटलं तर इथेच थांबवते," त्या हळूच म्हणाल्या.

"गप गं. घास नीट. टाचेपाशी राहतंय."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "एका पेशंटला किती वेळ लागतो हो?"

"अर्धा तास, साहेब."

"आणि एकूण?"

"रोज सहा तास केलं तर अठरा दिवस. रविवार धरत नाही मी."

साहेबांना साडेबाराला दुसरं उद्घाटन होतं. त्यांनी माइक मागवला, भागीदारीची प्रगती समाधानकारक आहे असं सांगितलं आणि ते मागच्या दाराने गेले. वन्संचा उजवा पाय तेव्हा अर्धा पुसून झाला होता. मापबाईंनी तो पूर्ण पुसला. मग त्यांच्या खोक्यातला जोड दोन्ही पायांत घालून बघितला आणि दुसऱ्या प्रमाणपत्रावरही 'माप जुळत नाही' असं लिहून सही केली.

अशा रीतीने दोनशे बारापैकी एकाही जोडाचं वाटप झालं नाही. आणि हॉल दोन वाजेपर्यंतच घेतलेला होता.

तीनच्या सुमाराला कंपनीची गाडी दवाखान्यापुढे येऊन थांबली. भागीदार पुढे, मागून ड्रायव्हर खांद्यावर चार खोके घेऊन. मापबाई तिसऱ्या खोलीत पोस्टमनच्या जुन्या बुटाचा पट्टा बदलत होत्या. उद्यापासून भांडार, तर आज हातातलं तेवढं संपवू, असं त्यांनी ठरवलं होतं.

"बाई, साठा इथे ठेवायचा आहे," भागीदार दारातून म्हणाला. आवाज पडलेला होता. "वाटप झालं नाही हे मला मान्य. पण खोके ठेवू कुठे? आदेशात हीच खोली लिहिली आहे. आजपासून."

"आदेशात आहे ना? मग या आत," मापबाई चामडं कापायच्या रापीवरून नजर न उचलता म्हणाल्या.

आत येणं मात्र अवघड होतं. उंबऱ्यावर वन्सं बसल्या होत्या आणि त्यांचा उजवा पाय आडवा, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत पसरलेला होता. त्यांच्या शेजारी पोस्टमन. त्याच्या पलीकडे एक शिंपीण, एक माजी रखवालदार, दोघी जावा, ज्यांचे डावे पाय सुजलेले होते आणि ज्या त्यावरूनही भांडत. हॉलमधून सगळे सरळ इथेच आले होते. नळापासून तिसऱ्या खोलीपर्यंत व्हरांडाभर पायच पाय. बसायला सांगितलं कुणी नव्हतं. उठायचं नाही एवढं मात्र ठरलं होतं.

"मावशी, पाय जरा घेता का?" भागीदार म्हणाला.

"कुठे घेऊ? मी जिथे नेते तिथे हा येतोच. तुमच्याकडे ठेवता?"

"तसं नाही हो. वाट द्या."

"पन्नास वर्षं मी याला वाट दिली," वन्सं म्हणाल्या. "लोकांची नजर चुकवून भिंतीकडेने चालले. आज तुम्ही चाला."

"आजोबा, तुम्ही तरी सांगा."

"मी निवृत्त माणूस," पोस्टमन म्हणाला. "माझं कोण ऐकतंय? माझाच पाय ऐकत नाही."

भागीदार मागे वळला. "तू ये रे, ओलांडून ये. ठेव आत."

ड्रायव्हर हलला नाही. चाळिशीचा, रुंद खांद्याचा माणूस. गाडीतून उतरल्यापासून तो त्या पायांकडेच बघत होता, एकेकाकडे, जसं काही ओळखीचं शोधतोय. त्याने खांद्यावरचे खोके सावकाश खाली ठेवले.

"बाई," तो दारातून मापबाईंना म्हणाला. "इथे दाखवायला काही कागद लागतो का?"

"काय दाखवायला?"

"डावा जरा भरल्यासारखा वाटतो. संध्याकाळी. सकाळी उतरतो तसा."

मापबाईंनी रापी ठेवली. "किती दिवस झाले?"

"दिवस नाहीत. दोन वर्षं."

"गोळ्या घेतल्यात?"

"घरी वाटायला आले तेव्हा मी गाडीवर होतो. दोन्ही वर्षी."

भागीदार त्याच्याकडे बघतच राहिला. "अरे, मग मला कधी बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर गाडी हातात ठेवली असती, साहेब?"

भागीदाराने खाली ठेवलेले खोके उगाच सरळ केले.

वन्संनी दोन्ही हातांनी आपला पाय उचलला आणि उंबऱ्यावरून बाजूला घेतला. "या. पेशंटला वाट आहे." ड्रायव्हर आत गेला आणि त्याच्या पाठीमागे पाय पुन्हा चौकटीत येऊन पडला.

"डॉक्टर!" भागीदार पहिल्या खोलीकडे बघून जवळजवळ ओरडला. "काहीतरी करा हो! हा सरकारी आदेश आहे!"

मोठे डॉक्टर हॉलवरून आल्यापासून आत बसून होते. ते बाहेर आले. त्यांनी भागीदाराच्या हातातला आदेश घेतला, चष्मा पुसला, पूर्ण वाचला, जणू पहिल्यांदाच. व्हरांडाभर पसरलेल्या त्या पायांवरून त्यांची नजर फिरली. यातला एकेक पाय त्यांना तापासकट माहीत होता. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, आदेशाचा कागद भिंतीवर धरला आणि समासात लिहायला घेतलं. लिहिता लिहिता ते पुटपुटत होते. सवयच होती.

"खोली... विनावापर... नाही. प्रत्यक्ष पाहिली. आत रुग्ण... तपासणीस आहे. कार्यशाळा... बंद करता येत नाही. तंत्रज्ञांस... सोडता येत नाही." पेन थांबलं. पुन्हा चाललं. "साठा... अधोस्वाक्षरीकर्त्याच्या खोलीत... ठेवावा."

"सर, तुमच्या खोलीत?" भागीदार म्हणाला. "मग तुम्ही बसणार कुठे?"

"इथे. व्हरांड्यात. सरका हो जरा," डॉक्टर दोघी जावांना म्हणाले. जावा सरकल्या, एकाच दिशेला, हे कदाचित प्रथमच. डॉक्टरांनी सही केली, शिक्का मारला आणि कागद भागीदाराच्या हातात दिला.

"हे वरचे लोक खपवून घेणार नाहीत, सर."

"नसतील. माझ्या निवृत्तीपर्यंतचे पाचच महिने आहेत त्यांच्याकडे."

तिसऱ्या खोलीत हे सगळं ऐकू येत होतं. मापबाईंनी उठून कपाटातून दोन कोरे खाकी कागद काढले. ड्रायव्हर बुटकं स्टूल पुढ्यात असूनही उभाच होता, आणि मोजा काढू की नको या विचारात त्याने बूट नुसताच सैल केला होता.

"काढा," मापबाई म्हणाल्या. "इथे लाजण्यासारखं कुणाकडे काही उरलेलं नाही."

त्याने मोजा काढला. घोट्याच्या वर मोज्याच्या इलास्टिकचा खोल वळ उठला होता. मापबाईंनी त्यावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि सावकाश, फार सावकाश भरून आला. एवढ्यावर अजून पुष्कळ काही करण्यासारखं होतं.

"आधी नळावर जाऊन धुऊन या. वन्सं, याला साबण द्या आणि शिकवा."

"येतंय मला सगळं. चल रे," बाहेरून आवाज आला.

"आणि ते दोन नंबर नळावर नको, त्याचं पाणी बारीक येतं," मापबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.